पारपत्रावरचा चेहरा

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून भिंतीवरील क्रुसाशेजारी दिवंगतांच्या तसबिरी टांगलेल्या असतात. त्या जरा निरखून पाहाव्यात. पुष्कळ तसबिरींत माणूस थेट समोर पाहत असतो. त्याच्या मागे घर नाही, झाड नाही, नुसता कोरा पडदा. ओठ मिटलेले, दोन्ही कान उघडे, अंगात खांद्यावर नीट न बसलेला कोट. असे छायाचित्र हौसेने कोणी काढून घेत नाही. ते पासपोर्टसाठी काढलेले असते. माणूस गेल्यावर घरच्यांनी शोधाशोध केली, दुसरे एकही चित्र मिळाले नाही, तेव्हा पेटीतला तो नखाएवढा तुकडा मोठा करून घेतला गेला. सरकारी कागदाला चिकटवण्यासाठी घडवलेला चेहरा अशा रीतीने कुटुंबाच्या प्रार्थनेतला चेहरा झाला.

वसई धर्मप्रांताच्या या उत्तर टोकाला नाना ठिकाणचे लोक एकत्र आले आहेत. किनाऱ्यावरचे कोळी, डोंगरपट्टीतले वारली, वसईकडून सरकलेली कुटुंबे, आणि साठच्या दशकापासून अणुवीज केंद्र व औद्योगिक वसाहत यांच्यामागे आलेले गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे लोक. यांपैकी अनेकांच्या घरातून कोणी ना कोणी आखातात किंवा जहाजावर गेलेला असतो. त्यामुळे हा तुकडा येथे परका नाही. तथापि, तो असाच का दिसतो, त्याचे नियम कोणी आणि कशासाठी घातले, हे आपण क्वचितच विचारतो.

चेहऱ्याशिवायही माणूस ओळखला जात असे, येथून प्रारंभ करावयास हवा. १५६३ मध्ये ट्रेंटच्या महापरिषदेने स्नानसंस्काराच्या नोंदवहीत धर्ममातापित्यांची नावे लिहिण्याचा दंडक घातला. त्या वहीत मूल कसे दिसते हे लिहीत नाहीत. ते कोणाचे, आणि त्याच्यासाठी कोण उभे राहिले, एवढेच लिहितात. अशी ओळख नात्यांवर उभी होती. समुद्रावर मात्र नाती चालत नसत. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, आणि केळवे-माहीम, तारापूर, डहाणू या ठाण्यांसमोरून जाणाऱ्या गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना जवळ बाळगणे भाग पडले. त्यात गलबताचे व नाखव्याचे नाव, शस्त्रे, माल, कोठून निघाले व कोठे निघाले, हे सारे लिहिलेले असे. परवाना नसेल तर गलबत जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक चालवले. म्हणजे आपल्या दारासमोरच्या पाण्यात परवान्याची गोष्ट साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. फक्त त्यात गलबताचे वर्णन असे, माणसाचे नव्हे.

मजुराला देशाबाहेर नेऊ लागल्यावर माणसाच्या अंगाचे वर्णन आले. एकोणिसाव्या शतकात मुदतबंद मजुरांच्या परवान्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरील खुणा लिहीत. मॉरिशस बेटावर मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी मजूर बरेच होते. तेथील वसाहतीने १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना छायाचित्र लावलेले ओळखपत्र सतत खिशात ठेवण्याची सक्ती केली. पोलिसाने रस्त्यात मागितले आणि दाखवता आले नाही, तर अटक. ओळखपत्राचा आणि छायाचित्राचा भुर्दंड मजुरावरच. या जाचाविरुद्ध अडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला.

माझ्या समजुतीप्रमाणे मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसांच्या ‘ओळखपत्रावरील’ छायाचित्रांत ही सर्वांत जुन्यांपैकी असावीत. मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थेत हा दप्तरखाना जतन केला आहे, आणि आज त्या मजुरांचे पणतू-खापरपणतू तेथे येऊन आपल्या पूर्वजाचा चेहरा शोधतात. भटकणारा मजूर सापडावा म्हणून काढलेले चित्र वंशजांना त्यांचा पूर्वज शोधून देते! ही उलटापालट लक्षात ठेवावी. आपल्या घरांतही तीच घडली आहे.

त्याच काळात कंपनीचे राज्य जाऊन आलेल्या सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह १८६८ ते १८७५ या वर्षांत प्रसिद्ध केला. त्यातला माणूस जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून उभा केलेला आहे. एकट्या माणसाला एकटा म्हणून टिपण्याची शिस्त पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तियाँ याने १८८० च्या दशकात बसवली, ती गुन्हेगारांसाठी. ठरावीक अंतर, ठरावीक प्रकाश, एक चित्र समोरून, एक बाजूने. कानाच्या घडणीवर त्याचा फार भरवसा होता. दोन माणसांचे कान सारखे नसतात, असे तो मानी. पासपोर्टच्या फोटोचे पितृत्व असे तुरुंगाकडे जाते. फोटोत आपण सारे थोडे आरोपीसारखे दिसतो, याचे कारण छायाचित्रकाराचे अज्ञान नाही.

प्रवाशाच्या पारपत्रावर मात्र चित्र यायला महायुद्ध लागले. कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर एका अमेरिकन गृहस्थाचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडात वावरत होता. त्या कागदावर चित्र नसल्यामुळे नाव घेतले की काम भागत असे. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने आणि १९१५ मध्ये ब्रिटनने पासपोर्टवर छायाचित्र सक्तीचे केले. आरंभीचे फोटो पाहिले तर हसू येते. कोणी टोपी घालून बसले आहे, कोणी बागेत उभे आहे, कोणी कुटुंबाच्या चित्रातून आपले डोके कापून चिकटवले आहे. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे बाहेर जाणाऱ्यास १९१७ च्या युद्धकालीन नियमांनी पासपोर्ट आवश्यक झाला. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरवला. युद्ध संपले की हे बंधन जाईल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. ते गेले नाही.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट ही बराच काळ सरकारची मेहेरबानी होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निकाल दिला, आणि त्याच वर्षी २४ जूनला पासपोर्ट कायदा अमलात आला. त्या पिढीच्या हस्तलिखित पुस्तिकांत उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, ठळक खूण असे रकाने असत, म्हणजे छायाचित्र आले तरी जुने वर्णन सुटले नव्हते. नवऱ्याच्या पुस्तिकेत पत्नीच्या फोटोसाठीही जागा असे. अशा एखाद्या पुस्तिकेत दोघांचे फोटो शेजारीशेजारी पाहिले की लग्नाच्या तसबिरीचा भास होतो. मात्र स्त्रीला स्वतःची पुस्तिका नाही, ही गोष्टही त्यातच दिसते.

हे सारे आपल्या परिसरात उतरले ते १९७३ नंतर, तेलाचे भाव वाढून आखाती देशांत माणसांची मागणी निघाली तेव्हा. तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देत होते. वेल्डर, फिटर, पाइपफिटर अशा कारागिरांना येथे काम करून हात बसलेला होता, आणि मुंबईतील दलालांना तसेच हात हवे होते. दलालाची पहिली मागणी एकच असे: पासपोर्ट आणि फोटोच्या डझनभर प्रती. फोटो पासपोर्टच्या अर्जाला, व्हिसाला, वैद्यकीय तपासणीला, करारपत्राला आणि तिकडे पोचल्यावर सौदीच्या इकाम्याला किंवा कुवेतच्या सिव्हिल आयडीला लागत.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे स्टेशनजवळ किंवा बाजारपेठेत एक अरुंद गाळा. पुढे काचेत नववधूंचे रंगवलेले फोटो, मागे पडद्याआड स्टूल, दोन दिवे आणि आरसा. आरशाशेजारी कंगवा, पावडरचा डबा, आणि खुंटीवर एक कोट व तयार गाठीचा टाय. हा कोट साऱ्या पंचक्रोशीचा असे. त्याचा पुढचा भाग तेवढा फोटोत दिसायचा, म्हणून कित्येकदा तो पाठीमागे पिनांनी आवळलेला असे. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून छायाचित्रकार हनुवटी दोन बोटांनी वर उचले, मान सरळ करी, ‘दोन्ही कान दिसू द्या, हलू नका’ म्हणे, आणि खटका दाबी. मग सांगे, ‘चार दिवसांनी या.’ चार दिवस आळसापोटी लागत नसत. रोलवर बाराच चित्रे मावत, आणि रोल संपल्याशिवाय धुणे परवडत नसे. घाई असलेल्यासाठी अंधाऱ्या खोलीत रोल मध्येच कापावा लागे. ‘अर्जंट’चा जादा दर त्याचाच.

खरे कौशल्य पुढे होते. समोर सावळा, उन्हात रापलेला चेहरा आणि मागे पांढरा पडदा, ही छायाचित्रणातली अवघड जोडी आहे. प्रकाश मोजताना पडद्याचा पांढरेपणा फसवतो, आणि चेहरा काळवंडून डोळे-नाक एकच डाग होतात. कोळ्याचा किंवा वारल्याचा फोटो नीट यावा म्हणून जाणता छायाचित्रकार चेहऱ्यापुरता प्रकाश धरी, पडद्याला वेगळा दिवा देई, आणि माणसाला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवी, म्हणजे सावली मागे न पडता खाली जमिनीवर पडते. त्यानंतर निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल चाले. सुरकुती पुसायची, देवीचे वण हलके करायचे. येथे एक पेच होता. ‘ठळक खूण’ म्हणून अर्जात गालावरचा व्रण लिहिलेला, आणि पेन्सिलीने तोच व्रण नाहीसा केलेला! विमानतळावरचा अधिकारी असे फोटो परत परत उलटून पाहत असे. लाल दिव्यात ब्रोमाइड कागदावर छपाई, हायपोत बुडवणे, आणि पाण्याने भरपूर धुणे. धुण्यात कसूर झाली की काही वर्षांत कागद पिवळा पडतो. पेटीतले जुने फोटो पिवळे पडले आहेत ते वयामुळे कमी आणि पाण्याच्या काटकसरीमुळे अधिक.

नियमात न बसणारा फोटो परत आला तर काय होई, हे रेल्वेने प्रवास करणाऱ्यास सांगावे लागत नाही. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी बोईसरहून पहाटेची शटल, विरारला गाडी बदलून मुंबई, वरळीच्या पासपोर्ट कार्यालयासमोरची रांग, आणि खिडकीवर ‘फोटोत सावली आहे’ हे तीन शब्द. एक दिवसाची मजुरी गेली, शिवाय दलालाने दिलेली तारीख हुकण्याचा धाक. कार्यालयाबाहेरच्या फोटोवाल्यांचा धंदा याच तीन शब्दांवर चाले.

शिवाय प्रत्येक देशाचे माप निराळे. भारतीय अर्जाला पूर्वी साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन पुरे. युरोपातील शेंगेन देशांना ३५ बाय ४५ मिलिमीटर. चीनला ३३ बाय ४८. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जाला ५० बाय ७०. अमेरिकेला दोन इंचांचा चौकोन, त्यातही हनुवटीपासून डोक्यापर्यंत एक ते एक-तीन-अष्टमांश इंच. अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी अर्ज करणाऱ्यांचा फोटो तर पाऊण बाजूने, उजवा कान उघडा दिसेल असा लागे. ही अट २ ऑगस्ट २००४ पर्यंत टिकली. मुलाकडे कायमचे जायला निघालेल्या म्हाताऱ्या आईच्या कानावरचा पदर दूर सारायला लावणारा तो नियम बर्तियाँचा वारसा होता, हे भुलाभाई देसाई मार्गावरील लिंकन हाऊससमोर पहाटेपासून उभ्या राहणाऱ्यांना कोणी सांगितले नसेल. (ती वकिलात २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.)

आखातात पोचल्यावर पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात जाई. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळला, तेव्हा ही गोष्ट कित्येकांच्या जिवावर आली. जॉर्डनमधील अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांत पुष्कळांजवळ पासपोर्टच नव्हता, आणि त्यांना दूतावासाच्या तात्पुरत्या कागदावर यावे लागले. अशा वेळी सामानाच्या तळाशी उरलेला एखादा जादा फोटो नोटेहून मोलाचा ठरतो.

जादा प्रत हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बारा प्रती काढल्या, दहा लागल्या, दोन उरल्या. त्या दोन घरी राहिल्या. भिंतीवरची तसबीर त्यांतूनच आली. पासपोर्ट सेवा केंद्रे २०१० पासून सुरू झाली, आणि अर्जदाराचा फोटो तेथेच, काउंटरवरच्या कॅमेऱ्याने काढला जाऊ लागला. फोटो नाकारला जाण्याची भीती गेली, बाहेरच्या फोटोवाल्यांची लूट थांबली, हे निःसंशय चांगले झाले. हस्तलिखित पुस्तिकांची आंतरराष्ट्रीय मुदतही २४ नोव्हेंबर २०१५ रोजी संपली. परंतु त्या कॅमेऱ्यातला चेहरा सरळ सरकारच्या संगणकात जातो, पुस्तिकेच्या पानावर छापून येतो, आणि घरी जादा प्रत येत नाही. पुस्तिकाच हरवली तर चेहराही गेला. ज्यांच्या खिशात फोन आहे त्यांना हे जाणवणार नाही. तलासरी-जव्हारकडच्या ज्या आजीचे आयुष्यातले एकुलते चित्र १९९३ नंतरच्या मतदार ओळखपत्रासाठी काढले गेले, तिच्या घरच्यांना विचारावे.

समुद्रावरची गोष्टही पुन्हा फिरून आली. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांना बोटांचे ठसे व छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याची योजना २००९ मध्ये निघाली. सातपाटी, मुरबे, डहाणूचे कोळी जेथे कार्ताझ दाखवीत होते, तेथेच आता तटरक्षक दलाला चेहऱ्याचे कार्ड दाखवतात. नाखव्याचे नाव पुरेसे राहिलेले नाही.

मे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, प्रवाशाची यंत्राने पटवायची मुख्य खूण म्हणून चेहरा निवडला, तेव्हापासून फोटो पाहणारा डोळाच बदलला. अधिकारी साम्य शोधतो, यंत्र अंतरे मोजते. दोन डोळ्यांमधील, डोळ्यांपासून नाकापर्यंतची, ओठांच्या कडांमधील. हसलो की ही अंतरे बदलतात, म्हणून हसू नये. चष्म्याच्या काचेत दिवा चमकतो, म्हणून अमेरिकेने व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा बंद केला. पार्श्वभूमी पांढरी हवी ती डोक्याची कडा यंत्राला सापडावी म्हणून. आपल्या धर्मभगिनींची अडचण येथेच होते. धार्मिक शिरोवस्त्राला नियमांत मुभा आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा उघडा असला की झाले; परंतु पांढरे शिरोवस्त्र पांढऱ्या पडद्यात विरून जाते, आणि डोके कोठे संपते हे यंत्राला कळत नाही. जाणते छायाचित्रकार अशा वेळी बाजूने किंचित प्रकाश देऊन वस्त्राची कडा उठवतात. दुरुस्तीचे संगणकीय उपाय मात्र टाळलेले बरे. कोट चढवलेला, त्वचा गुळगुळीत केलेला फोटो परत येतो.

यंत्र निःपक्षपाती असते, अशी आपली समजूत आहे. ती पुरती खरी नाही. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या पासपोर्ट यंत्रणेने आशियाई वंशाच्या एका तरुणाचा फोटो ‘डोळे मिटलेले आहेत’ म्हणून नाकारला; डोळे उघडे होते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने केलेल्या मोठ्या तपासणीत अनेक प्रणाली आफ्रिकी व आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत दोन भिन्न माणसांना एकच समजण्याची चूक दहा ते शंभर पटींनी अधिक करतात असे आढळले. ब्रोमाइड कागदावर काळवंडणारा तोच चेहरा नव्या यंत्रातही अडखळतो आहे.

आता भारताचा पासपोर्टही चिप असलेला झाला आहे, आणि परदेशातील आपल्या वकिलाती १ सप्टेंबर २०२५ पासून इकाओच्या मापाचेच फोटो घेतात: रंगीत, ६३० बाय ८१० बिंदूंचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चेहऱ्याने ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के जागा व्यापलेला. आखातात नोकरी करणारा मुलगा तेथे पासपोर्ट नव्याने काढतो तेव्हा त्याला हे माप सांभाळावे लागते.

इकडे सेवा केंद्रात फोटो बरोबर नेण्याची पाळी येते ती मुख्यतः चार वर्षांखालील बालकाच्या बाबतीत. माप साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पार्श्वभूमी पांढरी. बोईसरच्या स्टुडिओवाल्याकडे पासपोर्टचे काम म्हणून उरले असेल तर बहुतांश हेच. बालक स्टुलावर बसत नाही. त्याला धुवट पांढऱ्या चादरीवर उताणे निजवतात. छायाचित्रकार वर उभा राहतो, खिडकीचा उजेड एका बाजूने आणि पांढरा पुठ्ठा दुसऱ्या बाजूने, म्हणजे त्याची स्वतःची सावली चादरीवर पडत नाही. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, चोखणे दिसता कामा नये. आई डोक्याशी बसून खुळखुळा वाजवते, आणि तिचा हात चित्रात येणार नाही एवढे जपते.